फाटकाची करकर

पाळण्याची कडी एकदाची गप्प झाली, तशी अनुपमाने शिलाई मशीनच्या तेलाची बाटली ओढणीखाली लपवली.

चार दिवसांत तिने घर मुकं करत आणलं होतं. मागच्या दाराच्या बिजागरीला तेल, पाळण्याच्या कड्यांना मेणबत्ती, पलंगाच्या सांध्यांत सेजलची पावडर. सेजल सात महिन्यांची. उद्या तिचे थोरले काका मुंबईहून गाडी घेऊन येणार होते आणि तिला नेणार होते. कायमची. त्यांना मूल नव्हतं. सासऱ्यांनी शब्द दिला होता. नवरा, विनीत, मुंबईहून फोनवर एवढंच म्हणाला होता, "घरातच राहतेय ना पोरगी?"

आज दुपारी अडीचची एसटी. महाडला, माहेरी.

राहिलं होतं ते लोखंडी फाटक. परसाला करवंदीचं दाट कुंपण, त्यामुळे बाहेर पडायला वाट ती एकच. सासरे सयाजी दिवसभर पडवीत फाटकाकडे तोंड करून बसत, झोपतही तिथेच. फाटक हललं की करकर अशी की कोंबड्या उडायच्या आणि सासरे ताडकन उठायचे. तिने एकदा तेलाचं नाव काढलं होतं.

"हात नाय लावायचा," ते गुरकावले होते. "फाटक हाय म्हणून कुत्रं पाळलं नाय मी."

"काय घासतेस गो सारखी?"

दारात सासू उभी होती. चंद्रभागा.

"पाळणा वाजतो. सेजल उठते."

"मशिनीचं तेल दोन दिस टिकंल. करंजेल लावतात, कोंबडीच्या पिसानं, पार आतपर्यंत. कालेजात ह्ये नाय शिकवलं?"

अनुपमाने बाटली ओढणीत आणखी आत सरकवली.

"आनि तोंड पाडू नको. माझी पयली पोर ह्यांनी नणंदंला दिली. मेले का मी?"

जेवणवेळी सासू नवऱ्यावर खेकसली, "आज आत बसा. पडवीत माश्या हायत." मग सुनेकडे वळून, "तू वाढ. भात कमी पडू देऊ नको. मी कोंबड्यांना दाणे टाकून येते."

सासऱ्यांनी तीनदा भात घेतला. सासू परत आली आणि मोरीत राखेने हात घासत बसली, बराच वेळ.

"फाटकाकडं काय बघतेस?" ती हळू आवाजात म्हणाली. "कळतंय मला, तुझ्या मनात काय हाय ते."

अनुपमाच्या हातातली पळी ताटावर आपटली.

सव्वादोन. सासरे पडवीत घोरत होते. सासू चुलीपाशी, पाठ करून. अनुपमाने सेजलला छातीशी बांधलं, पिशवी घेतली आणि मागच्या दाराने निघून घराला वळसा घातला. दार वाजलं नाही. आता फाटक वाजलं तर वाजलं, धावत सुटायचं. फाट्यापर्यंत तीन मिनिटं. सासऱ्यांचे गुडघे दुखतात.

पण गावात त्यांची एक हाक पुरे होती.

डोळे मिटून तिने फाटक ढकललं.

कोंबड्या जागच्या हलल्या नाहीत. पडवीतलं घोरणं चालूच राहिलं.

तिने डोळे उघडले. वरच्या बिजागरीत कोंबडीचं एक पीस अडकलं होतं, करंजेलात भिजलेलं.