मीटरवरचं कुंकू

नळाच्या मीटरचा आकडा टिपायला मुनीब बानाबाईच्या दारी आला, तर काचेवर हळदीकुंकवाचा थर! आठ दिवसांनी पाणी आलं की नळाला हात जोडणारे त्यानं शहरात लई पाहिले होते. मीटरची पूजा मात्र पहिल्यांदाच पाहत होता.

"आजी, हे यंत्र आहे, देव नाही," रुमालानं काच पुसत तो म्हणाला. "पाणी आलं की आत चक्र फिरतं आणि आकडा पुढं सरकतो. सगळे नळ बंद करूनही ही लाल चांदणी फिरत राहिली, तर समजायचं, कुठंतरी पाइप गळतोय. वाटीभर पाणी गेलं तरी याला कळतं."

"वाटीभर बी?"

"व्हय, वाटीभर बी."

बानाबाई पायरीवर टेकली.

"देव म्हणून नाय लावलं, लेकरा. ह्याच्यातून पाणी येतंय, कुणाला खाली उतरावं लागत नाय, म्हून लावलं. दुष्काळात आमच्या देवगावच्या विहिरीनं तळ गाठला. कपारीत झरा होता, पण मोठं माणूस तिथं मावायचं नाय. मग माझ्या नऊ वर्षांच्या शालूला दोरानं खाली सोडायचो. ती वाटीवाटीनं हंडा भरायची, मी वर ओढायची. एक दिवस हंडा निम्म्या वाटेवर आला अन् खाली कपार ढासळली."

मुनीबचा रुमाल काचेवरच थांबला.

"हंडा भरून वर आला. शालू आली नाय," बानाबाई म्हणाली. "अन् दोन दिस त्येच पाणी पिलो आमी."