तिसरी सायकल

संपतच्या लेकीचं बारसं त्याने मोबाईलवर पाहिलं, त्याच वर्षी त्याच्या दोन सायकली चोरीला गेल्या. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला सव्वा वर्ष उरलं होतं. आखातातल्या अल अझीझियात रोज नवी इमारत उभी राहत होती आणि रोज कुणाची तरी सायकल जात होती.

तिसरी घेतली तेव्हा संपतने सीटची नळी उपसली आणि तिच्यात, गाड्यांमध्ये लपवतात तसला एक ट्रॅकर बनियनच्या चिंधीत गुंडाळून बसवला. सायकल कुठे गेली, किती वेळ थांबली, सगळं मोबाईलच्या नकाशावर उमटायचं. थोरला भाऊ मच्छिंद्र, त्याच्याही फोनवर त्याने ते जोडून दिलं. वर साखळी आणि कुलूप. किल्ली करगोट्याला.

"आता न्या म्हणावं," संपत म्हणाला होता.

तीही गेली, एका बुधवारी. संपत आता गावी होता. कंपनीनेच त्याला विमानाने पोचवलं होतं. एवढ्या लगबगीने कंपनीने कधी कुणाला पाठवलं नव्हतं, असं खोलीतले सगळे म्हणाले.

मच्छिंद्र साइटच्या केबिनमध्ये जाऊन उभा राहिला. इन्चार्ज अनंतराव मूळचे नाशिकचे. दोघे भाऊ त्यांच्या हाताखाली फरशी बसवायचे.

"साहेब, संपतची सायकल सापडत नाही."

"अरे, ह्या वेळेला सायकलीचं काय घेऊन बसलास?"

"तिसरी आहे, साहेब."

"मी नवी देतो तुला. गिअरवाली. खलास?"

"मला तीच पाहिजे."

अनंतरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग रूमच्या दारातून गेली असेल. त्या बुधवारी संपत कामावर आलाच नव्हता. त्याची सायकल आमच्या गेटच्या आत कशी येईल?"

"पोलिसांसमोर असंच सांगाल?"

"सांगेन की. भितो काय मी?"

खोलीवर श्रीपती चपात्या लाटत होता. तो त्याच साइटवरचा. मच्छिंद्रला त्या आठवड्यात अल दुहैलच्या कामावर पाठवलं होतं, त्यामुळे बुधवारचं त्याला काही ठाऊक नव्हतं.

"गप बस की, मच्छिंद्र. सायकलीपायी व्हिसा घालवशील. उद्या उचलून विमानात बसवतील."

"बसवू देत. एवढा समुद्र काय पोहून जाऊ?"

श्रीपती हसला नाही.

"श्रीपती, बुधवारी दुपारी गेटला कडी होती का?"

जून लागला की उन्हापायी दहा ते साडेतीन उघड्यावर काम बंद, असा सरकारी नियम. ह्या साइटवर त्या वेळात गेट आतून लावून काम चालूच ठेवायचे आणि तपासणीवाल्यांना दिसू नयेत म्हणून सायकलीही आत ओढायला लावायचे.

"रोजच असते," श्रीपती म्हणाला. तव्यावरची चपाती करपली. त्याने दुसरी लाटायला घेतली.

तेवढ्यात गावाहून फोन आला. संपतची बायको, कोमल.

"भाऊजी, सायकल मिळाली का?"

"कुठे आहे ते कळलंय. उद्या जातो."

"मिळाल्याशिवाय येऊ नका."

मागे लहानगी रडत होती. कोमलने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्रने चोरीची तक्रार दिली. पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्याला कामापुरती हिंदी येत होती. नकाशावरचा ठिपका कंपनीच्या गोदामावर पाहून तो थोडा हसला, पण निघाला. अनंतरावांनाही बोलावून घेतलं. त्यांनी सांगितलं होतं तसंच सांगितलं: संपत त्या दिवशी कामावर आला नाही, सायकल गेटच्या आत कधी आली नाही. अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं आणि सही घेतली.

शटर वर गेलं. फरश्यांच्या खोक्यांमागे, ताडपत्रीखाली सायकल होती. कुलूप तसंच लागलेलं, साखळी मात्र कापलेली. अधिकाऱ्याने सीट उपसली आणि चिंधी बाहेर ओढली.

"कुणीतरी चुकून आणून टाकली असेल," अनंतराव म्हणाले. "मिळाली ना, मच्छिंद्र? यल्ला, चल, घेऊन जा. तक्रार मागे घे, बाबा."

"सायकल राहू द्या, साहेब."

"मग एवढा तमाशा कशासाठी केलास?"

मच्छिंद्रने अधिकाऱ्याला हिंदीत विचारलं, "साहेब, हे यंत्र खरं सांगतं, एवढं तरी पटलं ना?"

अधिकाऱ्याने मान डोलावली.

मग मच्छिंद्रने अंगठ्याने नकाशा मागे नेला, त्या बुधवारपर्यंत. निळी रेघ पहाटे खोलीवरून निघाली होती आणि गेटपाशी थांबून दहाच्या सुमाराला आत गेली होती. दुपारभर ती तिथेच होती. संध्याकाळी ती गोदामाकडे वळली. अनंतराव खोक्यावर बसले.

कंपनीच्या कागदावर लिहिलं होतं, खोलीवर झोपेत, हृदयविकाराने. संपत वारला तो १४ जुलै २०२१ रोजी, भर दुपारी, कडी लावलेल्या गेटच्या आत, गच्चीवर फरशी बसवताना.