दोन खुणा

“नवऱ्याच्या अंगावरच्या दोन खुणा सांगा,” उत्तमराव क्लार्क म्हणाले.

भाग्यश्रीनं इकडेतिकडे पाहिलं. तेलंगणातल्या त्या सरकारी कचेरीत चांगली दहा-बारा माणसं, आणि सगळ्यांचे कान नेमके आत्ताच रिकामे झालेले. शेजारच्या स्टुलावर तिची सात वर्षांची रुपा पाय हलवत बसली होती.

“खुणा काऊन, साहेब? नाव तं लिवलं हाय ना, हर्षदीप दौलत.”

“या नावाचे दोघं निघाले. दोघायच्याबी बापाचं नाव दौलत. एक बासरकडं नोकरीले हाय, एक बेज्जूरकडं. फोटो अजून एकाचाबी चढला नाही मशीनीत. भलत्याच मानसाचा पगार कापला तं तो माह्यावरच केस करन.”

कोर्टानं रुपाची पोटगी ठरवून चार वर्षं झाली होती. नोटीस जायची आणि ‘असा इसम येथे राहत नाही’ म्हणून परत यायची. आता पोटगी बुडवणाऱ्यांची यादी सरकारी नोकरांच्या रेकॉर्डशी ताडून पाहायचं निघालं, आणि न राहणारा इसम सापडला, तोही एकाचे दोन होऊन. आज जुळलं नाही तर कागद पुन्हा कोर्टात जाणार होते. आधार कार्ड तो जाताना घेऊन गेला होता. जन्मतारीख शाळेतल्या गुरुजींनी ठरवलेली, ती हिला कुठून माहीत असणार?

“दहावीच्या मेमोवर, मार्कशिटावर, गुरुजी लिवतेत ना, पुट्टुमच्चलु? जन्मखुणा? त्याच इथं उतरवतेत,” उत्तमराव म्हणाले. “तुमी सांगायचं, मी जुळवायचं.”

तिनं आवाज खाली आणला. “पाठीवर, उजव्या खांद्याखाली मोठा तीळ हाय.”

“नाही.”

“मांडीवर भाजल्याचा डाग...”

मागं कुणीतरी खोकलं. उत्तमरावच लाजले. “तसं नाही, बाई. गुरुजीले दिसन असं काही. कपडे घातल्यावर दिसन असं.”

भाग्यश्री आठवू लागली. अडीच वर्षं त्या माणसाला जेवू घातलं, त्याचे कपडे धुतले, तापात त्याच्या उशाशी बसली. तिच्याजवळ होत्या त्या साऱ्या झाकल्या खुणा, आणि जगाला दिसणारी एक सांगता येईना. चेहरा आठवू गेलं तर लग्नाच्या फोटोतला हार तेवढा समोर येई. तिला फार एकटं वाटलं. तो गेला त्या दिवशीही इतकं वाटलं नव्हतं.

त्या दिवशी तो पाठमोरा गेला होता. आणि त्याआधी, रुपा पोटात असताना, मोटरसायकलवर त्याच्या मागं बसून ती कितीदा नार्नूरच्या दवाखान्यात गेली होती. सगळा रस्ताभर डोळ्यांपुढं एकच गोष्ट असायची.

“मानेवर,” ती म्हणाली. “डाव्या कानाच्या मागं, केस संपतेत तिथं तीळ हाय. आरशात त्याले सोताले दिसत नसन. अन् उजव्या अंगठ्यावर कापल्याचा वण.”

उत्तमरावांनी पडद्यावरची ओळ बोटानं धरली. पुन्हा एकदा वाचली.

“जुळलं. बेज्जूरवाला. मानूस तुमचाच हाय, बाई.”

सहा वर्षांत हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. तिला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. तिनं पदरानं तोंड पुसलं.

“आता पोरीच्या सांगा. पैसा तिच्या नावानं निघन, तं तिच्याबी लागतेत.”

यावेळी तिला वळून पाहावंही लागलं नाही. “हनुवटीखाली तीळ. डाव्या कोपरावर चुलीचा चटका. उजव्या भुवईत खोक, बोरीखाली पडली होती. पायाच्या करंगळीले नख नाही, अन् कानाच्या पाळीवर...”

“दोनच, बाई. दोनच लिवाले जागा हाय.”

रुपाचे हलणारे पाय केव्हाच थांबले होते.

“काका,” तिनं विचारलं, “ह्या माह्या खुणा त्याले वाचाले पाठवतेत का?”

उत्तमरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“नाही, माय,” ते म्हणाले. “हे नुसतं जुळवाले असते.”