पहिले दीडशे किलोमीटर

“काका, टायर बदला, नाहीतर गाडी विका,” टायरवाला म्हणाला आणि त्याने पुढच्या टायरच्या कडेला अंगठा रोवला. रबरावर बारीक भेगा उघडल्या.

“नक्षी तर शाबूत आहे,” म्हातारा म्हणाला.

“नक्षी बघून टायर आणि रूप बघून जावई, दोन्हीत माणूस फसतो.”

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. म्हाताऱ्याच्या लेकीची गोष्ट गल्लीत कुणाला ठाऊक नव्हती? दोन वर्षांत तिसऱ्यांदा तिचा ‘पाय घसरला’ होता. या खेपेला ती डावा हात प्लास्टरमध्ये घालून माहेरी आली होती. शनिवारी नवरा तिला न्यायला येणार होता, आणि नुसत्या तिला नव्हे. सासऱ्याची चाळीस वर्षांची मोटारसायकलही त्याला हवी होती. “गाडी द्या, म्हणजे पोरीला नीट वागवतो,” असं त्याने फोनवर बजावलं होतं. तिला मागे बसवून तो घाट उतरणार होता.

टायरवाल्याने कडेला उमटवलेले चार आकडे दाखवले. “पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. सोळा वर्षांचा आहे हा. रबराचं लाकूड झालंय. सपाटीला हळूहळू चालेल. घाटात तापला की गेलाच.”

“किती वेळात?”

“जोरात जाणारा असेल तर पहिल्या दहा वळणांत. आणि पुढचा फुटला की हँडल कुणाच्या बापाचं ऐकत नाही.”

म्हाताऱ्याने भेगांवरून बोट फिरवलं. “नवे दाखव,” तो म्हणाला. “पण ताजे. दुकानात वाळलेले नकोत.”

इतक्या जुन्या गाडीच्या मापाचे टायर काय पोत्याने येतात? पहिली जोडी रुंद निघाली, मागचा टायर चेनला घासला असता. दुसरीचं माप बरोबर, पण सहा वर्षं माळ्यावर पडलेली. तिसरी दोन महिन्यांची. म्हाताऱ्याने चष्मा लावून आकडे स्वतः वाचले आणि रबरावरून हात फिरवला. नव्या टायरला मांजराच्या मिशांसारखे रबराचे केस असतात. ते ताठ उभे होते.

“हीच चढव. आणि पावतीवर हे आकडे लिही.”

“आकडे कशाला?”

“उद्या जावई म्हणायचा, म्हाताऱ्याने जुनेच टायर गळ्यात मारले.”

“म्हणेल की! तिचं शिलाई मशीन त्याने जुनं सामान घेणाऱ्या मित्राला विकलं, दिवाणसुद्धा सोडला नाही. हे टायरही तिकडेच विकून जुने घालेल, लिहून ठेवा.”

“तूच लिहून ठेव बाबा,” म्हातारा म्हणाला.

टायरवाला हसत कामाला लागला. “जन्मभर फिटर होतात तुम्ही, आणि टायर माझ्याकडून चढवता?”

म्हाताऱ्याने दोन्ही हात पुढे केले. ते थरथरत होते. टायरवाल्याला कसंसंच झालं.

चाकं बसल्यावर त्याने ताकीद दिली. “पहिले दीडशे किलोमीटर मागे कुणाला बसवायचं नाही. नवं रबर गुळगुळीत असतं, वजनाने घसरतं. जरा घासलं की पकड येते.”

“हे जावयाला तू सांग. माझं तो ऐकत नाही.” म्हाताऱ्याने तिथूनच फोन लावून दिला, आणि टायरवाल्याने जावयाला सगळं दोनदा समजावलं.

“जुने टायर फेकू?”

“नको. लेकीला गुलाब लावायला कुंड्या करतो.”

जुने टायर सीटला बांधून म्हातारा गाडी ढकलत घरी गेला.

शुक्रवारी दिवसभर तो परसातल्या खोपटात खुडबुड करत होता. लेक चहा घेऊन गेली, तर दाराला आतून कडी.

“बाबा, काय चाललंय?”

“पुसतोय गं. आपली गाडी दुसऱ्याच्या दारात जायची, तर निदान चकचकीत जावी.”

गाडीचं एवढं करता, मग माझं काय, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते चहाच्या कपाबरोबर खाली ठेवलं.

शनिवारी सकाळी जावई आला. शेजारच्या मास्तरीणबाई फाटकाशी झाडांना पाणी घालत होत्या. जावयाने बुटाच्या टोकाने पुढचा टायर ठोकला. काळाभोर टायर उन्हात चमकत होता.

“वा सासरेबुवा! शेवटी खर्च केलात.”

“तुमच्यापुढे टायरांचं काय एवढं?”

लेक पिशवी घेऊन पायरीवर उभी होती.

“हिला बसवतो मागे. कसलं दीडशे किलोमीटर!”

“नको,” म्हातारा जरा घाईने म्हणाला. “घसरलात तर तुम्हालाच लागेल.”

स्वतःच्या कातडीचं नाव निघताच जावई थबकला. “ठीक आहे. आज मी मित्राकडे मुक्काम करतो, उद्या घाट उतरतो. हिला उद्याच्या बसने पाठवा. संध्याकाळी घरात दिसली पाहिजे.”

“घाटात हळू जा हं!” म्हातारा मोठ्याने म्हणाला. मास्तरीणबाईंनी मान वर केली. हळू म्हटलं की हा हटकून जोरात जाणार, हे म्हाताऱ्याइतकं कुणाला माहीत होतं? किक बसली, धूर उडाला, आणि गाडी वळणाआड गेली.

लेकीने डोळे पुसले. “उद्याची बस कितीची आहे, बाबा?”

“बघू. पिशवी भरायची घाई करू नकोस.”

तो खोपटात गेला. जमिनीवर पडलेल्या, टायर उतरवायच्या दोन लोखंडी पट्ट्या त्याने पुसून डब्यात ठेवल्या. हात आता जराही थरथरत नव्हते. मग खिळ्याला टांगलेल्या टायरांवरून त्याने एकदा तळवा फिरवला. रबराच्या मिशा अजून ताठ होत्या.