ढोल्याचा पाय

पोटात कळ येताच इंदुमतीबाईंनी सवयीने चिमूटभर ओवा तोंडात टाकला. कळ वाढली, तेव्हा कुठे त्यांचं मनगटाकडे लक्ष गेलं. तिथल्या, ढोल्याचं दुखणं त्यांना कळवणाऱ्या पट्ट्यावरचा दिवा लाल झाला होता. म्हणजे दुखत त्यांना नव्हतं, ढोल्याला होतं.

त्यांचा कुत्रा ढोल्या दारात उभा होता. गळ्यात तसाच पट्टा, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, उबळ येऊनही काही पडत नव्हतं. तरी बाईंना बघून शेपूट हलतच होतं.

“एवढं दुखत असून लाडात कसला येतोस रे!” म्हणत त्यांनी त्याला रिक्षात घातलं.

जनावरांच्या डॉक्टर मुल्लांनी ऑपरेशन करून पोटाचा पीळ सोडवला. “अगदी वेळेत आणलंत, काकू.”

“आता पायही बघा त्याचा. वर्षभर लंगडतोय.”

डॉक्टरांनी पाय नीट तपासला. “ठणठणीत आहे. तुमचा गुडघा कसा आहे?”

“तो दुखतोच. ऑपरेशन पुढे ढकलतेय.”

“पट्ट्यातून तुमचं दुखणंही त्याच्याकडे जातं, काकू.”

गुंगीतल्या ढोल्याच्या कपाळावर बाईंनी हात ठेवला. मग म्हणाल्या, “हाडांच्या डॉक्टरांना फोन लावून द्या. लवकरात लवकरची तारीख हवीय.”