कप्तानाचे मोजे

खंडभरातल्या क्लबांच्या बास्केटबॉल स्पर्धेत संघाने पहिला सामना जिंकला, आणि कप्तानाने क्लबचे कपडे धुणाऱ्या मावशींना बजावलं, "माझ्या या मोज्यांना हंगाम संपेपर्यंत पाणी लावायचं नाही. शुभ आहेत ते."

"बरं बाबा," म्हणत मावशींनी नाक मुरडलं.

पण तसले मोजे खोलीत ठेवायचे म्हणजे बाकीच्या अकरा जणांना घेरीच यायची. म्हणून दर सामन्यानंतर मावशी ते गुपचूप धुवायच्या, वाळवायच्या आणि मळके दिसावेत म्हणून झाडलोटीतली चिमूटभर धूळ त्यांना चोळून ठेवायच्या. इकडे संघ देशोदेशीचे क्लब लोळवत, एकही सामना न हरता थेट अंतिम फेरीत पोचला.

आता मात्र मावशींचं मन त्यांना खाऊ लागलं. एवढा मोठा चषक, पोराची एवढी श्रद्धा, आणि आपण अशी लबाडी करायची? ऐन वेळी हरले तर पाप आपल्याच माथी! या वेळी त्यांनी मोज्यांना खरोखरच पाणी लावलं नाही. सामन्याच्या आधी नाक दाबून, जसेच्या तसे कप्तानाच्या हातात नेऊन दिले.

कप्तानाने मोजे नाकाशी नेले आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला.


"मावशी, सोळा सामने तुम्ही चोरून धुतलेत आणि सोळाही आपण जिंकलो. मग आजच कुठून ही दुर्बुद्धी सुचली?"