अंगाऱ्याचं पाणी

"देवाचा अंगारा असताना गोळ्या कशाला?" म्हणत नवऱ्याने बीपीच्या गोळ्या उकिरड्यावर भिरकावल्या. कलावतीने हुज्जत घातली नाही. तिने त्या गुपचूप उचलून आणल्या आणि रोज सकाळी एक गोळी वाटीच्या बुडाने चुरडून त्याच्या अंगाऱ्याच्या पाण्यात ढवळू लागली.

पुढच्या तपासणीत बीपी ताब्यात निघालं. नवरा गावभर अंगाऱ्याचा महिमा सांगत सुटला. श्रेय देवाला जाईना का, कुंकू तर शाबूत राहिलं, म्हणून ती मनाशी हसली.

आज थोरल्या दिरांच्या अंगावरून वारं गेलं. वाचाही गेली. दवाखान्यात जाऊबाई रडत म्हणाल्या, "भावजी, तुम्हाला गुण आलेला बघून यांनीही गोळ्या सोडल्या. नुसता अंगाराच घेत होते."

"दादाची श्रद्धाच कमी पडली," नवरा म्हणाला.

कलावतीने हात पदराआड नेले. सकाळची पांढरी पूड अजून नखांत होती.